रंगमंचावरचा मनकवडा

हार्बर लोकलने वाशी-बेलापूर असा रोजचा प्रवास करणाऱ्याला डब्यातली ती छोटी जाहिरात पाठ झालेली असते. दाराशेजारच्या पत्र्यावर चिकटवलेला कागद, वर कुठल्याशा बाबांचं नाव, खाली मोबाइल नंबर आणि मध्ये अडचणींची यादी: प्रेमात अपयश, नोकरी, सवत, शत्रू, करणी. तुम्ही काही सांगायचं नाही, बाबा सगळं ओळखतात, असं आश्वासन असतं. ज्या दिवशी एखादा गांजलेला माणूस तो नंबर टिपून घेतो, त्याच संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर महापे किंवा ऐरोलीच्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात सूट घातलेला कलाकार मंचावर येतो. समोरच्या तरुणीला तो शाळेतल्या मैत्रिणीचं नाव मनात आणायला सांगतो, तिच्या डोळ्यांत बघतो आणि फळ्यावर ते नाव लिहून दाखवतो. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो.

दोघंही मनातलं ओळखतात. दोघांची हत्यारंही बहुतेक एकच आहेत. तरी पहिल्याकडे गेलेला माणूस कर्ज काढून परततो आणि दुसऱ्याकडून परतणारा रात्रभर विचार करत बसतो की हे कसं झालं असेल. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणात आपण मंचावरच्या मनकवड्याच्या पोतडीत डोकावणार आहोत. त्याला आता सगळे मेंटलिस्ट म्हणतात. त्याची विद्या जुनी आहे, तिचा बराचसा भाग आपल्याच गावागावांत वाढला आहे, आणि ती कळलेल्या माणसाला फसवणं फार अवघड जातं.

नंदीबैल आणि बर्लिनचा घोडा

नवी मुंबईतल्या सेक्टरांमधून आजही कधीतरी गुबूगुबू आवाज येतो. पाठीवर रंगीत झूल, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगांना गोंडे असा नंदीबैल सोसायटीच्या फाटकाशी उभा राहतो. नंदीवाला विचारतो, यंदा पाऊस चांगला होणार का? बैल मान डोलावतो. या ताईंच्या मुलाला नोकरी लागणार का? पुन्हा मान डोलावतो. मग एखादा उलटा प्रश्न येतो आणि बैल नकारार्थी मान हलवतो. बघणाऱ्याला वाटतं, मुक्या जनावराला प्रश्न कळला. बैलाला प्रश्न कळलेला नसतो, त्याला मालक कळतो. ढोलाच्या ठेक्यातला बदल, वेसणीच्या दोरीला दिलेला हलका हिसका, मालकाची उभं राहण्याची ढब, या खुणांवर तो वर्षानुवर्षं तयार झालेला असतो.

खुणा जाणूनबुजून दिल्या तर त्यात नवल नाही. माणूस नकळतही खुणा देतो, हे मात्र एका घोड्याने सिद्ध केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाने आपल्या हान्स या घोड्याला गणित शिकवल्याचा दावा केला. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, हान्स खूर आपटून अचूक उत्तर देई. मालक लबाड नव्हता, प्रयोगाचे तो पैसेही घेत नव्हता. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने पाहणी केली, त्यांनाही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने एक साधी गोष्ट तपासली: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर काय होतं? हान्स चुकू लागला. विचारणारा दिसेनासा केला तरीही चुकू लागला. खुरांचा आकडा बरोबर उत्तरापाशी पोचला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर होत असे, आणि घोडा थांबत असे. फुंग्स्टचा अहवाल १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची नोंद अशी की ही हालचाल होते हे कळल्यावर, ती थांबवायची ठरवूनही, त्याला स्वतःला ती पूर्ण थांबवता येत नव्हती.

मेंटलिस्टचं निम्मं शिक्षण या एका नोंदीत आहे. माणसाचं मन बंद असतं, पण त्याचं शरीर सतत बोलत असतं.

हाताचा ओढा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशप याने एकोणिसाव्या शतकात या बोलण्यावरच नाव कमावलं. प्रेक्षकांनी शहरात कुठेतरी एखादी वस्तू लपवायची. जागा ठाऊक असलेल्या माणसाचं मनगट बिशप धरायचा आणि डोळे बांधून थेट तिथपर्यंत पोचायचा. त्या माणसाने काही बोलायचं नाही, फक्त जागेचा विचार करायचा.

हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. दुसऱ्या खोलीत जा, घरच्यांना किल्ली लपवायला सांगा. परत आल्यावर ज्याने लपवली त्याचं मनगट सैल धरा आणि त्याला मनातल्या मनात 'पुढे', 'डावीकडे', 'थांब' अशा सूचना देत राहायला सांगा. तुम्ही चुकीच्या बाजूला वळलात की त्याचा हात किंचित जड होतो, बरोबर बाजूला वळलात की हलका होतो. किल्लीपाशी आल्यावर तो क्षणभर श्वास रोखतो. पहिल्या एक-दोन वेळा चुकाल, मग हाताला समजू लागतं. ज्याचा हात धरला आहे तो मात्र शपथेवर सांगेल की मी काही केलं नाही, आणि त्याचं म्हणणं खरंच असेल.

मनात हालचालीचा विचार आला की स्नायूंत तिची बारीकशी सुरुवात होते, हे इंग्लंडच्या विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी, टेबलावर हात ठेवून बसलेल्या मंडळींच्या हाताखाली यंत्रणा बसवून दाखवलं की टेबल भुताने नव्हे, त्यांच्याच नकळत लागलेल्या जोराने सरकतं. आपल्याकडे वाड्यांतून आणि चाळींतून रात्री प्लँचेट मांडलं जाई, पाटावर अक्षरं लिहून त्यावर वाटी फिरवली जाई. त्या वाटीमागेही हाच जोर होता. वाटी फिरवणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या बोटांनी त्यांना न विचारता उत्तर दिलेलं असे.

बिशपचा शेवट विलक्षण झाला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या लँब्स क्लबमध्ये प्रयोग करताना तो कोसळला. त्याला अधूनमधून मृतवत बेशुद्धी येत असे. डॉक्टरांनी मृत ठरवून घाईने शवविच्छेदन केलं आणि तो तेव्हा जिवंत होता, असा आरोप त्याची आई अखेरपर्यंत करत राहिली.

जमूरा काय ऐकतो

मैदानात डमरू वाजवून गर्दी जमवणारा मदारी आणि चादरीखाली झोपलेला त्याचा जमूरा जुन्या पिढीने पाहिलेला आहे. मदारी गर्दीतल्या एकाचं घड्याळ हातात घेतो. 'सांग जमूरे, साहेबांच्या हातात काय?' 'घड्याळ!' 'आता या भाऊंकडे?' 'दहाची नोट!' चादरीखालच्या पोराला हे कसं दिसतं?

त्याला दिसत नाही, ऐकू येतं. समजा दोघांत असं ठरलं आहे: प्रश्न 'सांग' या शब्दाने सुरू झाला तर घड्याळ, 'बोल'ने सुरू झाला तर अंगठी, 'आता'ने सुरू झाला तर नोट, 'बघ'ने सुरू झाला तर चष्मा. दुसऱ्या शब्दावरून रंग, तिसऱ्यावरून आकडा. प्रेक्षकांना रोजचं बोलणं ऐकू येतं आणि त्याच बोलण्यातून पोराला पूर्ण यादी पोचते. अशी भाषा अंगवळणी पडायला वर्षं लागतात. घोकंपट्टीचा हा भाग या कलेत सगळ्यात कष्टाचा आहे आणि प्रेक्षकांना त्याची कल्पनाही येत नाही.

पॅरिसमध्ये रॉबेर-हूदँ या जादूगाराने १८४६ मध्ये आपल्या मुलाला घेऊन हाच प्रयोग उच्चभ्रू नाट्यगृहात नेला. १९०६ मध्ये ज्युलियस आणि ॲग्नेस झँसिग या जोडप्याने लंडन गाजवलं. दोन मनांत एकच विचार, अशी त्यांची जाहिरात असे आणि अनेक विद्वानांना ती खरी वाटली. झँसिग यांनी पुढे आपली सांकेतिक पद्धत उघड केली. लंडनच्या नाट्यगृहात मखमली पडद्यापुढे झालेला प्रयोग आणि आपल्या मैदानातल्या धुळीत झालेला प्रयोग कारागिरीच्या दृष्टीने सारखाच होता. एकाला मानमरातब मिळाला, दुसऱ्याला चादरीवर पडलेली नाणी मिळाली. आपल्या भटक्या कलावंतांच्या या विद्येची नोंद आपण फारच कमी ठेवली, याची मला मनापासून खंत वाटते.

सदतीसचं गणित

आता आजच्या मंचाकडे येऊ. कलाकार सभागृहाला सांगतो: १ ते ५० मधली दोन अंकी संख्या मनात धरा. दोन्ही अंक विषम हवेत आणि ते वेगवेगळे हवेत, म्हणजे उदाहरणार्थ १५. धरली? मला ३७ दिसतंय. सभागृहात ठिकठिकाणी हात वर होतात, काही जण ओरडतात.

ऐकणाऱ्याला वाटतं की पन्नासांतून एक ओळखली. अटी नीट लावून बघा. ५० च्या आतल्या, दोन्ही अंक विषम आणि वेगळे असलेल्या संख्या आठच आहेत: १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७ आणि ३९. त्यातली १५ कलाकाराने उदाहरण म्हणून स्वतःच वापरून टाकली. उदाहरण दहाच्या घरातलं दिलं म्हणून बरेच जण आपोआप तिसाच्या घरात जातात. उरलेल्यांत ३७ अनेकांना सगळ्यात 'सहज सुचलेली' वाटते. शिवाय कलाकार पुढे म्हणतो, 'काहींनी आधी ३५ धरली होती, मग बदलली, बरोबर?' आणखी हात वर होतात. ज्यांचं चुकलं ते गप्प बसतात आणि त्यांना वाटतं, आपणच काहीतरी वेगळं केलं.

मोठं सभागृह मेंटलिस्टला घाबरवत नाही, उलट मदत करतं. हजारात एकदा घडणारी गोष्ट एकट्या माणसाच्या बाबतीत घडणं दुर्मीळ असतं. हजार प्रेक्षक बसलेले असतील तर ती त्यांच्यापैकी निदान एकाच्या बाबतीत घडण्याची शक्यता ६३ टक्के होते. वाढदिवसाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. कोणत्याही २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते आणि ७० माणसांत ती ९९.९ टक्क्यांवर जाते. सोसायटीच्या कोजागरीला जमलेल्या मंडळींत ही बेधडक पैज लावता येते. योगायोग किती स्वस्त आहेत, याचा अंदाज आपल्या मनाला येत नाही. मेंटलिस्टला तो येतो.

एक पाकीट पुढे

पाकिटांचा प्रयोग शंभर वर्षांहून जुना आहे आणि आजही लोकांना चकित करतो. पाच जणांनी पाच कागदांवर आपापल्या आवडीच्या गावाचं नाव लिहायचं, पाकिटात घालून चिकटवायचं. कलाकार पाकिटं गोळा करतो, एकेक कपाळाला लावतो आणि नाव सांगतो.

पाचांपैकी एका कागदावर काय आहे, हे त्याला कुठल्यातरी मार्गाने आधी कळलेलं असतं. समजा, त्यावर 'रत्नागिरी' लिहिलं आहे. ते पाकीट तो खुबीने सगळ्यात खाली ठेवतो. आता वरचं पहिलं पाकीट कपाळाला लावून तो म्हणतो, 'समुद्राचा वारा... रत्नागिरी.' प्रेक्षकांतून कोणीतरी उठतो, 'माझं!' कलाकार खात्री करण्यासाठी पाकीट फोडतो, बघतो, समाधानाने मान हलवतो आणि बाजूला ठेवतो. त्या कागदावर प्रत्यक्षात 'सांगली' लिहिलेलं आहे. ते त्याने आत्ता वाचलं. दुसरं पाकीट कपाळाला लावून तो म्हणतो, 'हळदीचा वास... सांगली.' असं करत तो प्रत्येक वेळी एक पाकीट पुढे राहतो. शेवटी हाती येतं ते रत्नागिरीचं पाकीट, तोवर सगळी नावं जुळलेली असतात.

यातलं मर्म 'खात्री करणं' या कृतीत आहे. प्रेक्षकाला वाटतं की उत्तर दिल्यावर पाकीट उघडलं, म्हणजे ते पडताळणीसाठी उघडलं. आपण क्रम बघतो आणि त्यावरून कारण ठरवतो. चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेणारा आणि त्याचं उत्तर देणारा कोणीही भेटला, तर चिठ्ठी कोणाच्या हातात, किती वेळ आणि कोणत्या क्षणी होती, एवढंच लक्षात ठेवायचं.

'अगदी माझंच सांगितलं'

आकडे आणि चिठ्ठ्या ओळखणं एक वेळ ठीक. स्वभाव आणि भूतकाळ कसा ओळखतात? इथे मेंटलिस्ट कमी काम करतो आणि समोरचा माणूस जास्त.

मानसशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' स्वभाववर्णन दिलं. ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी गुण पडले ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, तोही फुटपाथवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून कधी कधी डगमगता, तुमच्यातले काही गुण अजून वापरले गेलेले नाहीत, अशा धाटणीची वाक्यं कोणाला लागू पडत नाहीत? ऐकणारा त्यात आपला मुलगा, आपला साहेब, आपलं मोडलेलं लग्न स्वतः भरतो आणि घरी जाऊन सांगतो की त्यांनी मुलाचं सगळं सांगितलं. सांगणाऱ्याने मुलाचं नावही काढलेलं नसतं.

हे मेंटलिस्टला स्वतःलाच कळलं नाही तर काय होतं, याचा दाखला रे हायमन यांच्या आयुष्यात आहे. विद्यार्थीदशेत पैसे मिळवण्यासाठी ते मंचावर मनकवडेपणा करत आणि हात बघत. लोक इतके थक्क होत की हस्तरेषांत तथ्य आहे, असं हायमन यांनाच वाटू लागलं. स्टॅनली जॅक्स या ज्येष्ठ मेंटलिस्टने त्यांना सुचवलं की काही दिवस रेषांच्या अर्थाच्या बरोबर उलट सांगून बघ. हायमन यांनी तसं केलं. लोक पूर्वीइतकेच थक्क झाले. त्या धक्क्याने ते मानसशास्त्राकडे वळले, प्राध्यापक झाले, आणि समोरच्याबद्दल काहीही ठाऊक नसताना सगळं ठाऊक असल्याचा भास कसा निर्माण होतो, यावर १९७७ मध्ये त्यांनी लिहिलेला लेख आजही या विषयातला पायाचा दगड मानला जातो. स्वतःच्या यशावर शंका घेऊन ते असं तपासून बघणं फार थोड्यांना जमतं. मला या कलेच्या सगळ्या इतिहासात हीच घटना सर्वांत थोर वाटते.

महाराष्ट्रातही अशी तपासणी झाली. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या आणि सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवून कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० टक्क्यांच्या आसपास आलं असतं. समोर जातक बसलेला नसेल, त्याचा चेहरा, कपडे, हुंकार काही मिळत नसेल, तर अचूकपणा कुठे जातो ते या चाचणीने दाखवलं.

मनकवड्याचं आयुष्य

मंचावर हे सगळं सहज दिसतं. त्यामागचं आयुष्य मात्र फिरतीचं आणि मेहनतीचं आहे. महाराष्ट्राला जादूगार म्हटलं की पुण्याचे जादूगार रघुवीर आठवतात. देशोदेशी प्रयोग करून त्यांनी 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिलं, पुढे विजय रघुवीर आणि मग जितेंद्र रघुवीर अशी तीन पिढ्यांची परंपरा झाली. मराठी घरांतल्या कित्येक मुलांनी पहिली जादू त्यांच्या प्रयोगात पाहिली.

आज भारतात मेंटलिस्ट म्हणून सर्वाधिक ओळखलं जाणारं नाव सुहानी शाह यांचं आहे. जन्म १९९० चा, उदयपूरचा. १९९७ मध्ये अहमदाबादच्या ठाकोरभाई देसाई हॉलमध्ये त्यांनी पहिला प्रयोग केला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. शाळा पहिली-दुसरीतच सुटली, पुढचं शिक्षण प्रवासात आणि पुस्तकांत झालं. सुरुवातीला पेट्या, पडदे, मदतनिसांचा ताफा घेऊन होणारी मोठी जादू केली. मग एकेक सामान गळत गेलं आणि मंचावर त्या, एक फळा आणि समोरचा माणूस एवढंच उरलं. गोव्यात त्यांनी समुपदेशनाचं केंद्रही चालवलं. जुलै २०२५ मध्ये इटलीतल्या तुरीन इथे जादूगारांच्या जागतिक संमेलनात त्यांना 'बेस्ट मॅजिक क्रिएटर' हा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, आपल्याकडे कोणतीही दैवी शक्ती नाही, ही कला आहे, हे त्या जाहीरपणे सांगत आल्या आहेत.

हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. प्रयोग संपल्यावर अनेक मेंटलिस्टांना एकच अनुभव येतो. टाळ्या वाजवून झाल्यावरही दोन-चार जण मागे थांबतात. कोणाचा भाऊ घर सोडून गेलेला असतो, कोणाच्या आईचं निदान होत नसतं, कोणाला मुलीच्या स्थळाबद्दल विचारायचं असतं. ही माणसं भोळी नसतात. त्यातली काही इंजिनिअर असतात, काही डॉक्टरही. दुःख मोठं असलं की शिक्षण बाजूला पडतं. त्या क्षणी कलाकाराने फक्त 'हो' म्हणायचं असतं आणि समोर आयुष्यभराचा भक्त तयार होतो, पैसा आणि मानही मिळतो. कलाकार 'नाही' म्हणतो, तिथे त्याची खरी कसोटी लागलेली असते.

अमेरिकेच्या जेम्स रँडी यांनी या प्रामाणिकपणालाच नियम बनवलं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलरची देणगी आली, तेव्हा रँडी यांनी स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स या दोन तरुण जादूगारांना तिथे 'शक्ती असलेली मुलं' म्हणून जाऊ दिलं. १९७९ पासून त्यांनी हातचलाखीने संशोधकांना चकवलं आणि १९८३ मध्ये रँडी यांनी सगळं जाहीर केलं. दोघांना एक अट होती: 'तुम्ही युक्ती वापरता का' असं कोणी थेट विचारलं, तर लगेच कबूल करायचं. तसं कोणी विचारलंच नाही. स्टीव्ह शॉ पुढे बानाचेक या नावाने नामवंत मेंटलिस्ट झाले. विज्ञान जाणणाऱ्यालाही फसवणूक ओळखण्याचं वेगळं शिक्षण लागतं आणि ते शिक्षण जादूगारांकडे असतं, हा या प्रकरणाचा धडा.

नागपूरचं आव्हान आणि साताऱ्याचा डॉक्टर

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांची रामकथा झाली. समोरच्याने काही न सांगता त्याची अडचण चिठ्ठीवर लिहिण्यासाठी ते प्रसिद्ध आहेत. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी त्यांना जाहीर आव्हान दिलं: आमच्या अटींखाली ही शक्ती दाखवा आणि ३० लाख रुपये घेऊन जा. पोलिसांना त्या कार्यक्रमात गुन्हा आढळला नाही, आणि ठरवून अटी घातलेली ती चाचणीही झाली नाही. त्याच दिवसांत सुहानी शाह यांनी हिंदी वृत्तवाहिनीवर बसून निवेदकांच्या मनातलं ओळखून दाखवलं आणि ही कला असल्याचं सांगितलं. देशभर लाखो लोकांनी ते पाहिलं. वादविवादाने जे होत नाही ते एका प्रात्यक्षिकाने होतं, हे तेव्हा पुन्हा दिसलं.

महाराष्ट्राला ही वाट आधीच ठाऊक होती. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कारांचे प्रयोग करत: पाण्याने दिवा पेटवत, नारळातून करणी काढत, निखाऱ्यांवरून चालत. आधी लोकांना थक्क होऊ द्यायचं आणि मग कसं केलं ते समजावून सांगायचं, ही त्यांची रीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. चौथ्या दिवशी, २४ ऑगस्टला, त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं, दहशत घालणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्याआधी माणसाच्या मनात प्रश्न उभा राहायला हवा, आणि ते काम मंचावरचा मनकवडा करू शकतो. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, नेरूळ-खारघरच्या महाविद्यालयांत, घणसोलीच्या सोसायट्यांत गणेशोत्सवाच्या मांडवात मेंटलिस्टला बोलवा. त्याची गुपितं त्याच्यापाशी राहू द्यात, कारण ती त्याच्या कष्टाची कमाई आहे. मात्र प्रयोगानंतर अर्धा तास शाळकरी मुलांसाठी मागून घ्या आणि त्यांना दोन-तीन जुन्या युक्त्या उलगडून दाखवायला सांगा. सदतीसचं गणित, पाकिटांचा क्रम, हाताचा ओढा. मग मुलांना तीन प्रश्न पाठ करून द्या. चिठ्ठी किंवा वस्तू कोणाच्या हातात होती? ओळखणाऱ्याचे किती अंदाज चुकले, ते कोणी मोजले का? आणि अटी दुसऱ्याने ठरवल्या तर तो हे पुन्हा करून दाखवेल का?

ज्या मुलाने हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, तो जादूचा आनंद जास्त घेईल, कारण कारागिरी त्याच्या डोळ्यांना दिसू लागेल. आणि उद्या घरावर संकट आलं, तेव्हा तो मोबाइलवर एखाद्या बाबांचा नंबर लावण्याआधी डॉक्टरकडे, वकिलाकडे किंवा पोलीस ठाण्यात जाईल.